आधी कोण उतरणार

रोहिदासनं बंगल्यामागं स्विमिंग पूल बांधला तो पोहण्यासाठी नव्हे. त्याला पोहता येत नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती. माणमधली वडिलांची जमीन आयटी पार्ककडं गेली तेव्हा भावकीतल्या प्रत्येकानं काही ना काही उभं केलं. कुणी मंगल कार्यालय, कुणी भाड्याच्या खोल्या. चुलतभावानं दारात कारंजं बसवलं, म्हणून ह्यानं पूल बांधला. पायरीवर बसून घोट्यापर्यंत पाय बुडवायचे, काळा चष्मा लावायचा आणि फोटो काढून घ्यायचा, एवढाच त्याचा त्या पाण्याशी संबंध.

पोहायची ती त्याची बायको, तेजस्विनी. चाळिशीनंतर गुडघे कुरकुरायला लागले, डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, तेव्हा वाकडच्या एका क्लबात जाऊन ती शिकली. रोज संध्याकाळी स्वयंपाकाला लागण्याआधी ती पाण्यात उतरायची. रोहिदासला ते फारसं रुचत नव्हतं, पण बंद कर म्हणण्याइतकी त्याची घरात छाती नव्हती. त्याची सगळी छाती चौकातल्या फ्लेक्सवर होती, 'भावी सरपंच' ह्या अक्षरांच्या वर.

पुलाच्या भिंतीत पाण्याखाली दिवे होते. बांधल्यापासून त्यांच्याकडं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. एकेक करत ते बंद पडत गेले आणि पावसाळा संपता संपता शेवटचाही गेला.

"अंधारात तळ दिसत नाही," तेजस्विनी म्हणाली. "कुणाला तरी दाखवून घ्या."

"तळ बघून तुला काय करायचंय?" रोहिदास म्हणाला.

पुढं त्याचा पन्नासावा वाढदिवस आला. फोटोग्राफरनं सांगितलं की ड्रोनमधून निळं चमकणारं पाणी फार भारी दिसतं. झालं, बायकोच्या जिवासाठी ज्यांची गरज नव्हती ते दिवे ड्रोनसाठी तातडीचे ठरले.

रोहिदासनं धनेशला बोलावलं. हा त्याचा शाळेतला मित्र. मांडवाची रोषणाई, बोअरची मोटार, देवळाचा लाउडस्पीकर, तारेनं जोडलं जाणारं जगातलं सगळं आपल्याला येतं अशी त्याची पक्की समजूत होती. काही जळलं की ते आधीच खराब होतं, आणि काही चाललं की ते त्यानं चालवलं.

धनेशनं बाहेरचा पॅनल उघडला आणि बराच वेळ मान हलवली. "ट्रान्सफॉर्मर उडालाय राव."

"म्हणजे?" तेजस्विनीनं विचारलं.

"करंट बारीक करून पाण्यात सोडायचा डबा असतो वहिनी. तो गेला."

"मग नवीन आणा."

"मागवायचा, यायचा, कवा यायचा? आपण डायरेक्ट देऊ. घरातल्या बल्बला जातो तोच करंट, त्यात काय एवढं?"

त्यानं दिव्यांत घरच्या करंटवर चालणारे बल्ब बसवले आणि तार सरळ जोडली. बटण दाबलं की पॅनलमधला सेफ्टी स्विच खाली पडायचा. पुन्हा वर केला, पुन्हा पडला. धनेशला त्या स्विचचा राग आला. "हेच खराब झालंय," असं म्हणून त्यानं तो स्विचच काढून टाकला.

"तो पडतोय म्हणजे करंट कुठंतरी गळतोय ना?" तेजस्विनी म्हणाली.

"वहिनी, तुमी चहाचं बघा."

दिवे लागले. पाणी निळं झालं. रोहिदासनं मित्राच्या पाठीवर थाप मारली आणि दोघं चहा न पिता बाहेर गेले. तो त्यांना घरचा पुरत नव्हता.

त्याच संध्याकाळी तेजस्विनी पोहायला आली. पायरीवर पाय ओले करून तिनं स्टीलच्या शिडीला हात लावला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या गेल्या. हात आपोआप सुटला म्हणून बरं झालं. ती मागं सरकून काठावर बसली. थोड्या वेळानं ती घरात गेली, हातपाय कोरडे केले, ड्रॉवरमधला टेस्टर आणला आणि शिडीला टेकवला. टेस्टरमधला दिवा मंद पेटला.

रोहिदास परत आल्यावर तिनं त्याला नेऊन ते दाखवलं.

"टेस्टर चायनाचा हाय," तो म्हणाला.

"मला शॉक बसलाय."

"पाणी गार हाय, म्हणून आल्या असतील झिणझिण्या. तुझं बी वय झालं आता."

तिनं धनेशला फोन लावला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. "नवीन दिवे हायेत वहिनी," तो म्हणाला, "जरा सेट होऊ द्या."

वीज सेट होते हे तेजस्विनीला पहिल्यांदाच कळत होतं. ह्या दोघांशी बोलण्यात अर्थ नाही हे मात्र तिला आधीपासून कळत होतं, तरी दरवेळी ती बोलून बघायची, आणि स्वतःच्या ह्या सवयीचाच तिला जास्त राग यायचा. चिंचवडला पुलाचं सामान विकणारा आणि बसवणारा सुजित म्हणून एक माणूस होता. क्लबातल्या ओळखीनं तिनं त्याचा नंबर मिळवला. तो कुरुळीतल्या एका कारखान्याच्या कामात अडकला होता, वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी येतो म्हणाला. "पण मॅडम, तोवर पुलाचा मेन स्विच बंद ठेवा. कुणालाच उतरू देऊ नका. हे गमतीचं नाही."

तिनं मेन बंद करून त्यावर चिकटपट्टी लावली.

वाढदिवसाला संध्याकाळी पाहुणे जमले. शाली आल्या, हार आले, भलामोठा केक आला. भावकीतली पोरं चड्ड्या घालून, टॉवेल खांद्यावर टाकून तयारच होती. रोहिदासनं त्यांना पूल पार्टीचं कबूल केलं होतं. ड्रोन घरघरत वर गेला आणि रोहिदासनं धनेशला खूण केली. धनेशनं चिकटपट्टी ओरबाडून मेन चालू केला. पाणी निळं झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, पोरं काठाकडं पळाली.

तेजस्विनी शिडीच्या पुढं जाऊन उभी राहिली.

"थांबा रे," ती म्हणाली. "आधी धनेशभाऊ उतरतील. दिवे त्यांनी बसवलेत, पहिला मान त्यांचा."

लोक हसले. धनेशही हसला. "मी कपडे न्हाई आणले वहिनी."

"ह्यांचे देते."

"मला जरा सर्दी हाय."

"मग नुसता पाय पाण्यात घाला आणि शिडीला हात लावा. एवढ्यानं सर्दी वाढत नाही."

धनेश शिडीकडं बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं, पण ते गेलंय हे त्याला अजून कळलं नव्हतं. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली.

"मग तुम्ही या," ती नवऱ्याला म्हणाली. "वाढदिवस तुमचाच आहे."

"तमाशा करू नको," रोहिदास दात आवळून म्हणाला. "बाजूला हो. पोरांना जाऊ दे."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर त्याचे वडील, आबाजी, बसले होते. आयुष्यभर विहिरीत पोहलेला माणूस. ह्या पुलाला ते टाकं म्हणायचे आणि कधी जवळ फिरकायचे नाहीत. काय चाललंय ते त्यांना नीट ऐकू आलं नव्हतं. सगळे पाण्याला भीत आहेत, एवढंच दिसत होतं.

"अरं, एवढे बापय हायेत आन पान्यात उतराया कुनी न्हाई व्हय?" ते उठले. सदरा काढला, धोतर खोचलं आणि ते सरळ शिडीच्या दिशेनं निघाले. "सर गं पोरी. म्या उतरतो."

तेजस्विनीनं त्यांचा दंड घट्ट धरला. "आबा, नको. पाण्यात करंट आहे."

पण तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत रोहिदास धावत सुटला होता. शाल पायात आली, तो अडखळला, केकच्या टेबलाला धडकला आणि पॅनलपाशी पोचून त्यानं मेन खाली ओढला. पाणी अंधारलं. त्याचा धापा टाकण्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता. पोरांच्या आयांनी पुढं होऊन आपापली पोरं ओढून घेतली. काही विचारायचं उरलंच नव्हतं.

धनेश केक न खाताच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुजित आला. मेन बंद असल्याची त्यानं स्वतः खात्री केली. मग पाण्यात उतरून एकेक दिवा वरचा स्क्रू काढून सोडवला. दिव्यामागं लांब तार गुंडाळलेली असते, त्यामुळं पूल रिकामा न करता तो काठावर आणता येतो. प्रत्येक दिव्याचं रबर कुजलं होतं, काचेच्या आत पाणी शिरलं होतं. एका दिव्यात धनेशनं उघड्या तारेवर नुसती चिकटपट्टी गुंडाळली होती. सुजितनं ती बोटानं सोलून बघितली, धनेशच्या कर्तबगारीबद्दल एक शिवी दिली आणि तेजस्विनीची माफी मागितली.

"माफी कशाला? बरोबर बोललात," ती म्हणाली.

कमी दाबाचे नवे एलईडी दिवे, नवा ट्रान्सफॉर्मर, नवा सेफ्टी स्विच, सगळं बसेपर्यंत दुपार झाली. रोहिदास तोवर घरात पडून होता. सुजित तारा आवरत असताना तो बाहेर आला आणि तिच्याजवळ उभा राहिला.

"चारचौघांत इज्जत घालवलीस माझी."

ती काठावरचे जुने दिवे पिशवीत भरत राहिली.

"मला वाटलं न्हाई एवढं असंल."

"वाटलं होतं," ती म्हणाली. "आबा निघाले तेव्हा कसे पळालात? कुणाला सांगावं लागलं नाही. मी शॉक लागला म्हणत होते तेव्हा टेस्टर चायनाचा होता."

त्यानं सुजितकडं एकदा बघितलं. "लोकांत बोलू नको एवढंच," असं पुटपुटून तो आत गेला.

ती कुणाशी बोलली नाही. गरजच पडली नाही. धनेशनं स्वतःच गावभर सांगितलं की ट्रान्सफॉर्मरचा दोष सर्वात आधी त्यानंच ओळखला होता, आणि ते सांगताना बाकीचंही सगळं सांगून बसला.

सुजितनं तिच्यासमोर शिडी तपासली, दिवे लावून पुन्हा तपासली आणि स्वतः पाण्यात उतरून दाखवलं. मगच तो गेला. त्या संध्याकाळी तेजस्विनी पोहायला आली तेव्हा पहिला पाय टाकताना तिला भीती वाटली. शिडी थंड होती, नुसती थंड. ती पाण्यात शिरली, खाली बघितलं आणि कितीतरी दिवसांनी तिला तळाच्या फरश्या स्वच्छ दिसल्या. घरातून रोहिदासनं जेवायचं काय म्हणून हाक मारली. तिनं डोकं पाण्याखाली घेतलं आणि पलीकडच्या काठापर्यंत पोहत गेली.