एर्सिलियाचे तिसरे मूल

“माणूस आणायला गेली होतीस ना? मग हे काय घेऊन आलीस?” आजी नुंझियाता दार अडवून उभी होती.

“माणूसही आणलाय,” आई म्हणाली. “खाली चर्चमध्ये ठेवलाय. ही त्याची मुलगी.”

“त्याची. तुझी नव्हे.”

“हो.”

“आणि रोज डोळ्यांसमोर वावरणार ही? जीव जळणार नाही तुझा?”

“जळतोच आहे, सासूबाई. पण पोरीनं सकाळपासून काही खाल्लेलं नाही. जरा बाजूला व्हा.”

मी तेव्हा चार वर्षांची होते. त्यांची भाषा मला येत नव्हती. हे बोलणे थोरल्या भावाने, कोर्रादोने, मला पुढे कितीदा तरी ऐकवले. माझे वडील दोनातो बेल्जियमच्या कोळशाच्या खाणीत दगावले. त्यांना आणायला आई, म्हणजे एर्सिलिया, अब्रुझ्झोच्या डोंगरातल्या आमच्या गावाहून एकटी गेली. तिथे तिला कळले, की नवऱ्याने दुसरा संसार मांडला होता. माझी जन्मदाती आधीच क्षयाने गेली होती. शेजारीण मला अनाथाश्रमात पोचवायच्या तयारीत होती. एर्सिलियाने शवपेटीबरोबर मलाही गाडीत घेतले.

तिने मला लगेच पोटाशी धरले, असे काही झाले नाही. वेणी घालताना ती केस असे ओढायची, की डोळ्यांत पाणी यायचे. दोनातोच्या कबरीपाशी गेली की आधी त्याला चांगले फैलावर घ्यायची आणि मग मला पुढे करून म्हणायची, “बघ, नाक तुझंच आहे. जेवते मात्र नीट.”

धुण्याच्या हौदावर एकदा पाल्मिरा नावाच्या शेजारणीने सगळ्यांसमक्ष विचारले, “ही जोझेत तुझी कोण गं, एर्सिलिया?”

“माझी.”

“अगं, पण म्हणजे कशी?”

“तुझ्या आहेत तशीच. खाते, भांडते आणि चपला हरवते.”

बायका हसल्या. पुन्हा कोणी विचारले नाही.

आमचे केशराचे लहानसे शेत होते. शरदात उजाडायच्या आत फुले खुडायची आणि मग टेबलाभोवती बसून त्यांतले लाल तंतू काढायचे. मी बारा वर्षांची असताना नेमकी त्याच दिवसांत माझी सख्खी मावशी आर्लेत बेल्जियमहून मला न्यायला आली. तिला मूलबाळ नव्हते, घर मोठे होते. आईने तिला स्वतःचा पलंग दिला आणि मला परसात नेले.

“तुला काय हवंय?”

“तू सांग.”

“मी नाही सांगणार. राहा म्हटलं तर माझ्यासाठी राहशील आणि म्हातारपणी मला ऐकवशील. जा म्हटलं, तर हाकललं म्हणशील.”

“पण तुला काय वाटतं?”

ती कोंबड्यांकडे वळली. “मला जे वाटायचं ते तुला आणलं तेव्हाच वाटून झालं. आता तुझं तू बघ.”

“मी राहते,” मी म्हणाले.

ती आत जाऊन टेबलापाशी बसली. एक फूल उचलले, पण तिच्या बोटांना तंतू काही सापडेना. शेवटी आजी नुंझियाताने ते फूल तिच्या हातातून काढून घेतले आणि माझ्यासाठी शेजारची खुर्ची ओढली.

मावशी पुढे दर उन्हाळ्यात येत राहिली, आईची मैत्रीण होऊन. आई चौऱ्याण्णव वर्षांची झाली. शेवटी शेवटी ती बांधावर खुर्ची टाकून बसायची आणि सत्तरीच्या कोर्रादोला ओरडायची, “ती ओळ राहिली की रे. चष्मा कशाला लावलायस मग?”

मागच्या शरदात ती झोपेतच गेली. अंत्यविधीच्या दिवशी पहाटे दोघा भावांतला धाकटा, फाउस्तो, शेताकडून आला. “सगळी फुलं एकदम आलीयेत,” तो म्हणाला. “उन्हं चढली की गेली. काय करायचं?”

“काय करायचं म्हणजे?” कोर्रादोने टोपल्या काढल्या.

आम्ही काळ्या कपड्यांतच शेतात उतरलो. मुले आली, नातवंडे आली. दव पडले होते. टोपल्या घरात ठेवून आम्ही तसेच चर्चमध्ये गेलो आणि पहिल्या बाकावर तिघे शेजारी बसलो. आमच्या गुडघ्यांवर ओली माती होती. पाद्रीबाबांनी ती पाहिली आणि प्रार्थनेला सुरुवात केली. आमच्यापैकी कोणीही माती झटकली नाही.