पृथ्वी फिरतंय

चनबसाप्पा मास्तरांचा आवाज गेला तेव्हा गडहिंग्लजात सगळे हळहळले. तंबाखूला उभ्या जन्मात हात न लावलेल्या माणसाला घशाचा कॅन्सर व्हावा आणि पानपट्टीवर दिवस काढणाऱ्यांना साधा खोकला नसावा, याला न्याय म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. मिरजेला ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढलं, श्वास घ्यायला गळ्याला भोक ठेवलं. त्यावर बायको नीलम्मा रोज धुतलेला पांढरा रुमाल बांधायची. जीव वाचला हे काय थोडं झालं, असं येणारा जाणारा म्हणायचा. मास्तरांना काय वाटत होतं ते कुणी विचारलं नाही, कारण उत्तरासाठी पाटी-पेन्सिल आणून द्यावी लागली असती.

नेसरीकडच्या एका हायस्कुलात ते अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवत होते. गडहिंग्लजहून रोज एसटीनं जायचं, यायचं. भूगोल हा विषय तसा कुणाच्या खिजगणतीत नसतो, पण मास्तरांचा तास असला की शेजारच्या वर्गातली पोरंही कान देऊन ऐकत. जून दोन हजार सातला ते रजा संपवून हजर झाले, तेव्हा हेडमास्तर उदयसिंह सरांनी त्यांना समोर बसवलं. हेडमास्तर मनानं वाईट नव्हते. खुर्चीला जपणारे होते इतकंच.

"सर, संस्थेचं म्हणणं असं हाय की तुम्ही आता ग्रंथालय बघावं," ते टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत म्हणाले. "रिटायरला चार वर्षं ऱ्हायल्यात. डिसेंबरात तपासणी हाय, तवर नववी तुमच्याकडंच ठेवतो. साहेब वर्ग बघतील आणि काय ते ठरवतील. त्याच्या पुढं माझ्या हातात काय न्हाय."

ग्रंथालय म्हणजे जिन्याखालची खोली, तीन कपाटं आणि किल्ली हरवलेलं एक कुलूप. तिथं बसणं म्हणजे जिवंतपणी फोटोला हार घालून घेणं. मास्तरांनी पाटीवर 'डिसेंबर' एवढंच लिहिलं आणि ते उठले.

पहिले पंधरा दिवस त्यांनी फळ्यावर लिहून शिकवून पाहिलं. पण लिहायचं तर वर्गाकडं पाठ करावी लागते, आणि आवाज नसलेल्या मास्तराची पाठ म्हणजे पोरांना मधली सुट्टीच. डस्टर आपटून आपटून त्याची फळी निघाली. पोरं वाईट नव्हती. त्यांना दया यायची, थोडा वेळ गप्प बसायची, मग विसरायची. मास्तरांना त्या दयेचाच जास्त राग यायचा.

बसस्टँडजवळ बाळासोचं नेट कॅफे होतं. तिथं एका रविवारी मास्तर गेले आणि मग दर रविवारी जायला लागले. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठाचा शिक्षकांसाठी एक फुकट अभ्यासक्रम त्यांना सापडला, आठ आठवड्यांचा. इंटरनेटवरच्या चित्रफिती वर्गात कशा वापरायच्या, हा विषय. एक पान उघडेपर्यंत बाळासोचा एक चहा पिऊन व्हायचा. मास्तर शब्दकोश मांडीवर घेऊन बसत, वहीत उतरवून घेत. दोन मिनिटांच्या वर सलग दाखवू नका. थांबवा, विचारा, पुन्हा दाखवा. ते दर आठवड्याला गृहपाठ पाठवायचे आणि तिकडून कोणीतरी बाई 'छान' म्हणून उलट लिहायची. पंचावन्नाव्या वर्षी 'छान' शेरा मिळाल्याचं त्यांना फार बरं वाटलं. तिला ते मुके आहेत हे माहीत नव्हतं. तिच्या लेखी ते इतरांसारखेच एक शिक्षक होते.

नद्या, ज्वालामुखी, वाळवंटातला वारा, अशा फिती त्यांनी उतरवून घेतल्या आणि बाळासोनं त्यांच्या सीडी केल्या. शाळेत माजी विद्यार्थ्यांनी दिलेला टीव्ही आणि प्लेअर धूळ खात होता. पहिल्या दिवशी पोरं डोळे फाडून बघत राहिली. पण बोलणारा गोरा साहेब इंग्रजीत बोलत होता, आणि दहा मिनिटांत वर्ग पुन्हा जांभया द्यायला लागला. अभ्यासक्रमाच्या पाचव्या आठवड्यात एक वाक्य होतं, त्याखाली मास्तरांनी दोनदा रेघ ओढली: मुलांना सांगणारा आवाज घरचा वाटला पाहिजे.

घरचा आवाज घरात एकच उरला होता.

नीलम्मा संकेश्वराकडची. कन्नड शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. नवराबायको घरात कन्नडच बोलत. मराठी तिनं लग्नानंतर बाजारात, नळावर, शेजारणीकडून उचललेली. कन्नडात माणसं सोडली तर बाकी जगातली सगळी वस्तुजात नपुंसकलिंगी. त्यामुळं नीलम्माचं बस 'आलं' असायचं, भाकरी 'करपलं' असायचं आणि चहा 'उतू गेलं' असायचं. शेजारची शालूबाई पंचवीस वर्षं तिला त्यावरून चिडवत होती, आणि नीलम्मा पंचवीस वर्षं हसून सोडून देत होती.

फितींवर तू बोलायचंस, असं मास्तरांनी तिला पाटीवर लिहून सांगितलं तेव्हा ती घाबरली. "मी काय मास्तरीण आहे काय?" ती कन्नडात म्हणाली. "लोक हसतील." पण रविवारी ती ठेवणीतलं लुगडं नेसून कॅफेच्या मागच्या खोलीत येऊन बसली. मास्तरांनी पाठ मराठीतच, पण तिला वाचता यावा म्हणून कन्नड अक्षरांत लिहून आणला होता. बाळासोनं पंखा बंद केला, तिच्या तोंडापुढं माइक धरला. तिनं वाचायला सुरुवात केली आणि मास्तरांनी कपाळाला हात लावला. पहिलीतलं पोर बाराखडी म्हणतं तसं एकेक अक्षर सुटं पडत होतं.

मास्तरांनी तिच्या हातातला कागद काढून घेतला. पाटीवर लिहिलं, 'शालूबाईला सांगतेस तसं सांग.'

नीलम्मानं पडद्यावरच्या नदीकडं पाहिलं. मग म्हणाली, "हे बगा, नदी डोंगरातनं येतंय. लहान हाय तवर लई दंगा करतंय. दगूड फोडतंय, माती खातंय. मग सपाटीला आलं की दमतंय बगा, वाकडं तिकडं चालतंय, आणि खाल्लेलं सगळं हितंच टाकतंय."

पहिल्याच वाक्याला मास्तरांचा हात पेन्सिलीकडं गेला होता. 'येते' असं लिहून दाखवायचं, एवढंच काम. पण ती बोलत होती. ऑपरेशननंतर घरात ती फक्त औषधाचं आणि रुमालाचं बोलायची, तीच बाई आज हात नाचवत एका अनोळखी नदीची तरुणपणची मस्ती सांगत होती. आता टोकलं तर ती लाजेल, पुन्हा गप्प होईल. नंतर सांगू, असं म्हणून मास्तरांनी पेन्सिल खिशात ठेवली. ते नंतर काही आलं नाही. खरं बोलायचं तर त्यांना ते यायला नकोच होतं.

दिवाळीपर्यंत नीलम्माचे चौदा पाठ झाले. पहिल्या दिवशी वर्ग खदाखदा हसला, आणि हसता हसता गप्प होऊन ऐकायला लागला. मास्तर सीडी थांबवायचे, फळ्यावर प्रश्न लिहायचे आणि वर्ग तुटून पडायचा. आवाज कुणाचा हे पोरांना ठाऊक नव्हतं. ती नुसतं 'टीव्हीतलं बाई' म्हणायची. हो, 'टीव्हीतलं बाई'. आधी चेष्टेनं तसं बोलली, मग सवयीनं, आणि मग त्यात काही वावगं आहे हेच वर्ग विसरून गेला. निम्म्या पोरांच्या घरी कन्नडच होतं. त्यांना तर शाळेत पहिल्यांदा कुणी आपल्यासारखं बोलणारं भेटलं होतं. चाचणीत कोणी नापास झालं नाही. मास्तर एसटीच्या खिडकीशी बसून घरी येत, तेव्हा त्यांच्या मनात गाणं म्हणावं असं कितीतरी असे.

तपासणीचा दिवस उजाडला तो नेमका थंडीचा. मास्तरांच्या गळ्यात रात्रीपासून कफ दाटला होता. वर्गात गुदमरले तर कुणाला काय करायचं ते कळायचं नाही, म्हणून नीलम्मा गरम पाण्याचा थर्मास आणि स्वच्छ कापडं घेऊन त्यांच्याबरोबर आली. उदयसिंह सरांनी तिला नववीच्या दाराबाहेर, व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. आपला आवाज वर्गात कसा वाजतो ते तिनं कधी ऐकलं नव्हतं. ती पदर नीट करून, दाराकडं कान देऊन बसली.

साहेब कोल्हापुराहून आलेले. इस्त्रीचे कपडे, तशीच इस्त्रीची भाषा. सुरुवातीला त्यांची तब्येत खूश होती. पोरांची उत्तरं ऐकून त्यांनी दोनदा मान डोलावली, वहीत काहीतरी लिहिलं. मग त्यांनी पहिल्या बाकावरच्या सौंदर्याला उठवलं. "पृथ्वीविषयी सांग, बाळ."

"पृथ्वी स्वतःभोवती फिरतंय," सौंदर्या धडाधड म्हणाली. "फिरत फिरत सूर्याला फेरी घालतंय. थोडं कललेलं हाय, म्हणून ऋतू होतंय."

"काय करतंय?" साहेब हसू दाबत म्हणाले.

"फिरतंय, सर."

साहेबांनी वर्गाकडं पाहिलं. "पृथ्वी काय करते?"

"फिरतंय," अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला. कुणी हसलं नाही. कुणाला हसण्यासारखं काही वाटलंच नाही.

आता साहेबांचं हसू फुटलं. सीडी पुन्हा लावायला लावून त्यांनी दोन मिनिटं ऐकली आणि रुमालानं डोळे पुसले. मग गंभीर झाले. "मुख्याध्यापक, ही मराठी शाळा आहे ना? भूगोल सुधारतोय आणि भाषेचं वाटोळं होतंय. ही बाई कोण? तुमच्या शाळेतली शिक्षिका आहे की काय? असेल तर तिला आधी पहिलीत बसवा."

उदयसिंह सरांना सगळं माहीत होतं. ते खिडकीबाहेर बघायला लागले. साहेब मास्तरांकडं वळले.

"की हे तसंच इंटरनेटवरून आलंय? मशीनचा आवाज?"

दार उघडं होतं. बाकाचा एक कोपरा आणि लुगड्याचा काठ मास्तरांना उभ्या जागेवरून दिसत होता. खिशात पेन्सिल होती, टेबलावर पाटी होती. 'माझी बायको' हे दोन शब्द लिहायला कितीसा वेळ लागतो? पण समोर नववीची छत्तीस पोरं होती, आणि जिन्याखाली ती खोली होती. मास्तरांनी मान हलवली. हो म्हणून हलवली.

"तरीच," साहेब म्हणाले. "यंत्राला लिंग कुठलं कळायला? उपक्रम उत्तम आहे, सर. वर्ग तुमच्याकडंच राहू द्या, मी तसा शेरा देतो. फक्त आवाज बदला. कुणीतरी शुद्ध बोलणारं बघा." मग त्यांनी स्वतःच पोरांकडून घोकून घेतलं: पृथ्वी फिरते, नदी वाहते, वारा वाहतो. तीनदा. वर्गानं ते कवायतीसारखं म्हटलं.

बाहेर आल्यावर उदयसिंह सरांनी मास्तरांचा हात दाबला. "सुटलासा," ते म्हणाले. "मराठीच्या संयोगिता मॅडम करतील की रेकॉर्डिंग. मी सांगतो त्यास्नी." बाकावर बसलेल्या नीलम्माकडं त्यांनी पाहिलं नाही. तिनं थर्मासचं झाकण घट्ट केलं आणि कापडांची पिशवी उचलली.

एसटीत ती खिडकीशी बसली. थर्मास मांडीवर धरून गडहिंग्लज येईपर्यंत बाहेरच बघत राहिली. मास्तरांना वाटलं, बरंच आहे, घरी जाऊन नीट लिहून सांगू. आपण का मान हलवली, तिचा अपमान होऊ नये म्हणूनच कशी हलवली, असं काहीतरी ते मनात जुळवत होते. जुळत नव्हतं, कारण ते खरं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी पाटी घेतली. कन्नडात लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं आणि चुलीपुढं बसलेल्या नीलम्मापुढं धरलं. तिनं वाचलं.

"तुमास्नी ठाव होतं," ती म्हणाली.

मास्तर दचकले. तीस वर्षांच्या संसारात ती त्यांच्याशी कधी मराठीत बोलली नव्हती.

"पहिल्याच दिशी ठाव होतं. पेन्सिल काढलासा, परत ठेवलासा. मी बगितलं की. मला वाटलं, बरोबर हाय म्हणून ठेवलासा." तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "एकदा सांगायचं. शिकलो असतो की मी. आज दाराआडनं ऐकून शिकलोच न्हवं?"

मास्तरांचा हात पाटीवर तसाच राहिला. आवाज असता तरी बोलण्यासारखं काही नव्हतं, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

नीलम्मानं तव्यावरची भाकरी उलटली. मग पोरांनी म्हटलं होतं तसं, एकेक शब्द जागच्या जागी ठेवत ती म्हणाली, "पृथ्वी फिरते. नदी वाहते. बायको गप्प बसते."

तिच्या मराठीत एकही चूक नव्हती. पुन्हा ती त्यांच्यासाठी काही बोलली नाही.