माझ्या चौथ्या पायातला बूट

मित्रांनो, एक लांबट खोली डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंना उंच लोखंडी खाटा आहेत आणि मधून ट्रॉली जाईल एवढीच वाट. आता कल्पना करा, की तुम्ही वीतभर उंचीचे आहात आणि एका खाटेशेजारी फरशीवर आहात. तुम्हाला चेहरे दिसतील ते खालून, हनुवटीकडून. पावलं मात्र अगदी जवळून दिसतील. कोणती चप्पल झिजली आहे, कोण दमून पाय ओढतंय, हे तुम्हाला सगळ्यांच्या आधी कळेल.

मी जग असंच पाहिलं. मी एक जुनी लोखंडी पायरी आहे. रुग्णालयातल्या उंच खाटेवर चढाउतरायला ठेवतात ना, ती.

माझे चार पाय नळीचे आहेत आणि पाठीवर काळं, रेघारेघांचं रबर आहे. मला जोडणाऱ्या कारागिराला जेवायला जायची घाई झाली होती. त्यामुळे माझा चौथा पाय दोराभर आखूड राहिला. कोणी वर पाऊल ठेवलं की मी ‘टक’ करते. सिस्टर म्हणायच्या, हिला गप्प बसता येत नाही. मला त्याचं फार वाईट वाटायचं. पण पाय काही आपला आपण वाढत नाही.

माझं एक काम तुम्हाला कळलं. दुसरं काम मोठं होतं. एखाद्या रुग्णाचं हृदय अचानक थांबलं, तर त्याची छाती दोन्ही हातांनी जोरजोरात दाबतात आणि हृदय पुन्हा चालू करायचा प्रयत्न करतात. त्यासाठी दाबणाऱ्याला उंचावर उभं राहावं लागतं. आमच्या वॉर्डात एक ठेंगण्या सिस्टर होत्या. कोणाचं हृदय थांबलं की त्या मला पायानेच ओढत आणि चढत. त्यांचा सगळा भार, सगळे धक्के माझ्या पाठीवर येत. एकदा एक बसचा ड्रायव्हर त्यांच्या हातांखाली परत आला. आठवड्याने घरी जाताना तो माझ्यावरूनच खाली उतरला. सिस्टरांना त्याने हात जोडले. माझ्याकडे त्याचं लक्ष गेलं नाही, पण मी मनातल्या मनात त्याच्याशी बोलून घेतलं.

मग ती साथ आली. वॉर्डात खाटा दुप्पट झाल्या. पायऱ्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. भेटायला येणाऱ्यांना बंदी झाली. खुर्च्या उचलून नेल्या. सगळ्यांनी डोक्यापासून पायापर्यंत पांढरे पोशाख घातले आणि पावलांवरही पिशव्या चढवल्या. मला माणसं ओळखता येईनात.

त्या दिवसांत आमच्या वॉर्डाच्या डॉक्टरीणबाईंना एक अवघड काम करावं लागे. छाती दाबल्याने प्रत्येक जण परत येत नाही, मित्रांनो. ज्यांची फुप्फुसं आणि हृदय दोन्ही पार थकलेली असतात, त्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा फासळ्या मोडतात, शेवटची घटका दुखरी होते आणि हाती काहीच लागत नाही. म्हणून हृदय थांबलं तर छाती दाबायची का, हे बाई आधीच रुग्णाला विचारत. त्याला बोलता येत नसेल, तर घरच्यांना विचारत. मग कागदावर लिहून तो खाटेच्या पायथ्याशी लावत. लिहून झाल्यावर पेनाचं टोपण लावत-काढत त्या बराच वेळ तिथेच उभ्या राहायच्या.

त्यावरून मोठ्या सिस्टरांनी एक नियम केला. ज्याची छाती दाबायची, त्याच्या खाटेपाशी पायरी ठेवायची. ज्याची दाबायची नाही, तिथली उचलून दुसरीकडे न्यायची.

त्याच दिवसांत सात नंबरच्या खाटेवर पंपवाले आजोबा आले. आयुष्यभर त्यांनी पाण्याचे पंप दुरुस्त केले होते. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता, चार शब्द बोलले की धाप लागायची, तरी माझा ‘टक’ ऐकताच त्यांनी मान वळवली. ही पायरी डुलतेय, कोणीतरी पडेल, म्हणाले. ठेंगण्या सिस्टर म्हणाल्या की तिची ती जुनी खोड आहे.

“खोड कसली, पाय आखूड आहे,” आजोबा म्हणाले. “माझ्या काठीचा बूट काढा आणि तिला घाला. काठीला सध्या सुट्टीच आहे.”

बूट म्हणजे काठीच्या टोकाला असते ती रबराची टोपी. त्यावर पिवळ्या नेलपॉलिशचा एक ठिपका होता. आजोबांची काठी दुसऱ्या कोणाच्या काठीशी बदलू नये, म्हणून नातीने तो दिला होता. सिस्टरांनी माझ्या आखूड पायाला पट्टीचे दोन वेढे दिले आणि वर तो बूट चढवला. मग वर उभं राहून पाहिलं. आवाज नाही! इतक्या वर्षांत ज्याने माझ्या पायाकडे पाहिलं, तो हा पहिला माणूस.

आजोबा नातीविषयी सारखं बोलत. घरी दाराशी एक बुटकं बाकडं होतं. शाळेतून आल्यावर ती बूट काढायला बरोबर त्याच्या मधोमध बसायची. आजोबा म्हणायचे, सरक, म्हाताऱ्याला थोडी जागा दे. ती मुद्दाम हलायची नाही. हे सांगताना ते हसत आणि हसता हसता खोकत. पुन्हा त्या बाकड्यावर बसावं, एवढंच त्यांना हवं होतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्यांना विचारलं. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं.

“बाई, मोटारच जळाली असेल, तर नुसतं बटण दाबत बसणारा मेकॅनिक गिऱ्हाइकाला फसवतो,” ते म्हणाले. “माझं हृदय थांबलं तर थांबू द्या. तोवर ऑक्सिजन द्या, औषध द्या. आणि कोणीतरी जवळ बसा.”

फोनवर त्यांची लेक चिडली. काय वाटेल ते करा, पण सोडू नका, असं ती बाईंना सांगत होती. बाबांना म्हणाली, तुम्ही मध्ये बोलू नका.

“मध्ये बोलू नको म्हणतेस, पण छाती माझी आहे ना गं?”

लेक मग रडली. शेवटी तिने एवढंच विचारलं, की आम्हाला तर येऊ देत नाहीत, मग तुमच्याजवळ बसणार कोण?

फोन ठेंगण्या सिस्टरांच्या हातात होता. “मी बसेन, ताई,” त्या म्हणाल्या.

कागद लागला. नियमाप्रमाणे वॉर्डमामांनी मला उचललं आणि अकरा नंबरपाशी नेऊन ठेवलं. पायात आजोबांचा बूट होता आणि मी त्यांच्यापासून चार खाटा लांब होते. माझं सगळं लक्ष सात नंबरकडे लागलं होतं. त्यांचा खोकला मी खोकल्यांच्या गर्दीतून ओळखायची.

दोन दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमारास, त्यांचा श्वास लांबत चालला. ठेंगण्या सिस्टर बसायला काही शोधू लागल्या. खुर्ची नव्हतीच. अकरा नंबरच्या ताईंना आता बरं वाटत होतं. सिस्टरांनी त्यांना विचारून मला उचललं, सात नंबरपाशी ठेवलं आणि त्या माझ्यावर बसल्या. मित्रांनो, आजवर माझ्यावर सगळे उभे राहिले होते. बसलं कोणीच नव्हतं. त्यांचे गुडघे हनुवटीला लागत होते. एका हातात आजोबांचा हात होता, दुसऱ्या हाताने फोन त्यांच्या कानाशी धरला होता.

फोनवर नात होती. सांगत होती, की आज घरातला पंप तिने एकटीने चालू केला. आधी पाणी ओतलं, हवा जाऊ दिली, मग बटण दाबलं.

“झाकण घट्ट लावलंस?” आजोबांनी विचारलं. शब्द जेमतेम बाहेर आले.

“लावलं. दोनदा बघितलं.”

आजोबांनी सिस्टरांच्या हातावर अंगठा हळूच दाबला. थोड्या वेळाने तो सैल पडला आणि शेजारचं यंत्र वाजू लागलं.

शेजारच्या वॉर्डातून एक तरुण डॉक्टर धावत आला. खाटेपाशी पायरी दिसताच त्याने हातमोजे ओढले आणि म्हणाला, “सिस्टर, उठा, मला चढू द्या.”

खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं की त्यांनी उठावं, त्याने चढावं, आणि ड्रायव्हरसारखे आजोबाही एक दिवस माझ्यावरून उतरून घरी जावेत. पण सिस्टर उठल्या नाहीत.

“कागद वाचा, डॉक्टर,” त्या म्हणाल्या. “त्यांनी स्वतः सांगितलंय. जवळ बसा म्हणालेत, मी बसलेय.”

त्याने कागद वाचला. यंत्राचा आवाज बंद केला. मग दुसऱ्या बाजूला जाऊन त्याने आजोबांच्या पावलांवर हात ठेवला आणि तोही थांबला. सिस्टरांच्या अंगाची थरथर माझ्या चारही पायांत उतरली, पण मी ‘टक’ केलं नाही.

पुढे साथ ओसरली आणि तो वॉर्ड बंद झाला. मला सामानाच्या खोलीबाहेरच्या बोळात ठेवलं. धूळ बसली, पाठीचं रबर एका कडेने सुटलं. कोणी येत नव्हतं. मला त्या बसण्याची फार आठवण यायची. लोक म्हणतील, त्या दिवशी या पायरीचा काही उपयोग झाला नाही. मला मात्र आपण सर्वांत जास्त उपयोगी पडलो तो दिवस तोच वाटतो. मित्रांनो, तुमच्या घरातल्या थकलेल्या माणसांना त्यांना काय हवं आहे ते विचारा. बोलता येतंय तोवर विचारा. आणि विचारून झालं की लगेच उठू नका.

एके दुपारी बोळात तीन जोड्या पावलं आली. ठेंगण्या सिस्टरांची चाल मी लगेच ओळखली, आता त्यांच्या पावलांवर पिशव्या नव्हत्या. सोबत एक बाई होती आणि एक मुलगी. सिस्टरांनी खोलीतून आजोबांच्या सामानाची सीलबंद पिशवी आणि काठी आणून दिली. मुलीने काठी टेकवली. ‘टक.’

“हिचा बूट कुठंय?” तिने विचारलं.

सिस्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मुलगी खाली वाकली. धुळीतला पिवळा ठिपका तिने बोटाने पुसला. सिस्टर म्हणाल्या, काढून देते हं. आई म्हणाली, हो, द्या. मुलीने मान हलवली. राहू दे, म्हणाली, नाहीतर ही डुलेल.

मग ती माझ्यावर बसली, बरोबर मधोमध. काठी तिने मांडीवर आडवी घेतली.

थोडा वेळ ती तशीच बसली, आणि मग एका कडेला सरकली.