एक्केचाळीस किलो गूळ

मी एक जुना वजनकाटा आहे. मुलुंडला डॉक्टर उत्तराबाईंच्या दवाखान्यात दाराआड उभा असतो. खाली पाय ठेवायला लोखंडी पाट, वर आकडे कोरलेली दांडी आणि तिच्यावर सरकणारी वजनं. मी कधी खोटं बोललो नाही, याची मला भारी घमेंड होती. आता ती उरली नाही. का ते सांगतो, मित्रांनो. जरा बसा.

घाटकोपरच्या एका कारखान्यात मला घडवलं. ऐंशी साली मी इथे आलो. अंगणवाडीतल्या पोरांपासून पेन्शनीतल्या आजोबांपर्यंत सगळे माझ्यावर चढले. बायका चपला काढून, श्वास रोखून चढायच्या, जसा काही श्वासालाच वजन असतं! मला हसू यायचं. पण आकडा मी खराच सांगायचो.

त्र्याऐंशी साली रत्नप्रभा आली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी, वय एकोणतीस, वजन एकशे अठरा. साखर वाढलेली, गुडघे गेलेले. उपास, पथ्यं, काढे, सगळं करून थकली होती. शहरातल्या एका मोठ्या सर्जननं पोटाला टाके घालून ते लहान करायचं ठरवलं. तेव्हा असली ऑपरेशनं फार थोडी व्हायची.

उत्तराबाईंनी तिला बजावलं, "ऑपरेशन म्हणजे निम्मं काम, रत्ना. पोट लहान झालं की अन्नातलं सत्त्वही कमी मिळतं. दर महिन्याला इथे यायचं, त्या सत्त्वाचं इंजेक्शन घ्यायचं, नाहीतर नसा कमजोर होतात. उलट्या झाल्या तर लपवायच्या नाहीत. आणि हे जन्मभर."

रत्नप्रभानं मान डोलावली. तिची आई जानकीबाई शेजारी हात जोडून बसल्या होत्या. त्या मूळच्या मालवणकडच्या. त्यांनी दवाखान्यात बसल्या बसल्याच गावच्या देवीला नवस बोलला, "जितक्या वजन उतरतला, तितको गूळ देतलंय."

ऑपरेशन झालं. साखर खाली आली, गुडघे मोकळे झाले. रत्नप्रभा जिना न थांबता चढायला लागली. दर महिन्याला माझी वजनं मागे सरकायची आणि दवाखान्यात कौतुकाला ऊत यायचा. दहा महिन्यांत एक्केचाळीस किलो उतरले. मीही फुशारलो. जसं काही मीच ते उतरवलं होतं!

मग एका सकाळी जानकीबाई गुळाच्या ढेपा घेऊन आल्या. देवीचा गूळ लेकीच्याच काट्यावर मोजायचा, असा त्यांचा हट्ट. रत्नप्रभा उभी राहायची तिथे पोत्यावर ढेपा रचल्या. एक्केचाळीस किलो. रत्नप्रभा समोर उभी राहून त्या ढिगाकडे बघत होती. ती हसली नाही. 

गूळ गावी गेला, नवस फिटला. आणि त्या दोघी यायच्या बंद झाल्या.

नर्स विमला घरी जाऊन विचारून आली. जानकीबाईंनी तिला दारातच सांगितलं होतं, "फेडलेलो नवस पुन्हा मोजूचो नसता. देवीन दिल्यान, आता काट्यार कित्याक चढवूचा?" विमलानं परोपरीनं समजावलं. काही उपयोग झाला नाही. रत्नप्रभा आत बेसिनपाशी ओकत होती. "होईल सवय," एवढंच ती म्हणाली.

दीड वर्ष गेलं. एका संध्याकाळी दोन शेजारणींनी रत्नप्रभाला दोन्हीकडून धरून आणलं, मागोमाग जानकीबाई आल्या. केस विरळ, डोळे खोल गेलेले. तिचे पाय उचलून माझ्या पाटावर ठेवले. तिनं समोर भिंतीकडे बघत विचारलं,

"आई, मी चढले का गं काट्यावर?"

पायाखाली लोखंड आहे हेच तिला कळत नव्हतं.

दांडी अठ्ठावन्नवर थांबली. भिंतीवरच्या तक्त्यात तिच्या उंचीला योग्य वजन म्हणून हाच आकडा लिहिलेला. जानकीबाईंचा चेहरा उजळला. पण उत्तराबाईंनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्या खाली बसल्या आणि रत्नप्रभाच्या तळव्यावर बोट फिरवत राहिल्या. तिला काहीच जाणवत नव्हतं.

इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली. हाताला थोडी ताकद आली. तळव्यांची जाणीव गेली ती गेलीच. नोकरी सुटली, काठी आली. घट्ट घास उतरेना म्हणून शिरा, खीर, गोड पेज यांवर दिवस काढले, आणि चार वर्षांत उतरलेल्यातले वीस किलो परतही आले. आलं ते वजन आलं, पाय आले नाहीत.

दुपारी दवाखाना बंद असतो, तेव्हा माझा पाट कधी कधी आपोआप करकरतो. विमला म्हणते, तेल द्यायला हवं. ते गंजणं नाही. कुणीतरी चढलंय आणि चढल्याचं त्याला कळलेलं नाही, असं मला वाटत राहतं.

मित्रांनो, किती गेलं ते मला सांगता येतं. काय गेलं ते सांगता येत नाही. चरबी गेली की जीव गेला, मला दोन्ही सारखंच. म्हणून कुणी बारीक झालं तर नुसतं कौतुक करून मोकळे होऊ नका. जेवण पोटात टिकतं का, औषध चालू आहे का, पायांना जमीन कळते का, ते विचारा. आणि वर्षानं पुन्हा विचारा.

रत्नप्रभा आता दर महिन्याला येते. जानकीबाईंनी गूळ सोडलाय, चहातसुद्धा घालत नाहीत. लेक माझ्यासमोर आली की त्या खाली वाकतात, तिचं पाऊल दोन्ही हातांत धरून माझ्यावर ठेवतात, आणि तिनं विचारायच्या आतच सांगतात,

"चढलंस गे बाय. चढलंस."