खिडकीचा तास

"साहेब जागेवर नाहीत. उद्या या!" असे म्हणून शिट्टीसरांनी खिडकीची फळी खाडकन खाली ओढली.

फळीवर लगेच टकटक झाली.

"कोणते साहेब नाहीत? आणि त्यांच्या जागी आज कोण आहे?" बाहेरून आवाज आला.

सरांनी फळी चार बोटे वर केली. "माझी जेवणाची सुट्टी झालीय."

"सावकाश जेवा. मी इथेच उभी आहे. जेवण झालं की सांगा, वसतिगृहासाठी कोणाला भेटायचं, किती वाजता आणि सोबत काय आणायचं."

"किती वेळ उभी राहशील?"

"तुमचं जेवण जिरेपर्यंत."

रांगेतली पोरे फिदीफिदी हसली. सरांनी फळी वर सारली आणि चेहरा शक्य तितका सरकारी ठेवून जाहीर केले, "पास. पुढचा!"

ही खिडकी खरे तर चेंडू आणि बॅटी वाटण्याची. शिट्टीसर या शाळेत बरीच वर्षे खेळाचे शिक्षक होते. मग एकदा वरून हुकूम आला की, प्रत्येक मोठ्या शाळेत कॉलेजची वाट दाखवणारा एक मार्गदर्शक असावा. आणि नेमका त्याच आठवड्यात सरांचा गुडघा गेला. शाळेने या दोन आपत्ती एकमेकींशेजारी ठेवल्या आणि दोन्ही सोडवल्या. सर मार्गदर्शक झाले. त्यांना वेगळी खोली नको म्हणून क्रीडासाहित्याची खोलीच मार्गदर्शन केंद्र झाली. त्यामुळे तिथे भविष्याचा विचार करायला आलेल्या मुलांना हवा गेलेल्या फुटबॉलांकडे पाहतच तो करावा लागे.

सरांनी मार्गदर्शनावरची पुस्तके आणून वाचली. त्यांत व्यक्तिमत्त्वाविषयी पुष्कळ होते, खिडकीविषयी चकार शब्द नव्हता. सरांना ते फार खटकले. तरुणपणी ते स्वतः कॉलेजात गेले होते. फी माफीसाठी एका खिडकीशी उभे राहिले. आतून "उद्या या" असा आवाज आला आणि सर पडले सभ्य घरातले, ते "बरं" म्हणून परतले. तो उद्या काही उजाडला नाही. चार चकरा मारून त्यांनी कॉलेजचा नाद सोडला आणि खेळाच्या शिक्षणाला लागले, कारण तिथे खिडकीच नव्हती, नुसते मैदान होते.

कॉलेजात हरतऱ्हेची मदत असते, हे त्यांना पुढे कळले. फी माफ होते, शिकवण्या मिळतात, जीव घाबरला तर बोलायला माणूस मिळतो. पण ही सगळी मदत कुठल्या ना कुठल्या खिडकीच्या आत बसलेली असते आणि ती उठून बाहेर येत नाही. म्हणून हा खिडकीचा तास. आत सर वेगवेगळ्या जातीचे कारकून होऊन बसत. कधी फोनवर बोलणारा, कधी ऐकूच न येणारा, कधी नुसता "हं" करणारा. कोणाला भेटायचे, कधी आणि सोबत काय आणायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे घेतल्याशिवाय जो हलला, तो नापास. एक पोरगा दर वेळी "सॉरी सर" म्हणून पळे. एकाने फळीखालून चॉकलेट सरकवले. तुला नोकरी पटकन लागेल, पण खिडकीच्या आतल्या बाजूला, असे सरांनी त्याला सांगितले आणि चॉकलेट खाल्ले.

आणि मघाशी पास झाली ती भिंगरी. हे नाव तिला वर्गाने दिले होते. ती एका जागी ठरत नसे आणि तिची जीभ तर त्याहून नाही. सरांचा एकही कारकून तिच्यापुढे टिकला नव्हता. वर्गातल्या निम्म्या पोरांची कामे तीच करून आणी. कोणाचा दाखला, कोणाची सवलत, कोणाचे वसतिगृह. स्वतःसाठी मात्र तिने आजवर एक खडूसुद्धा मागितला नव्हता.

तिला वाचता येत नसे, असे नव्हे. यायचे, पण इतके सावकाश की, इतरांचा धडा संपे तेव्हा हिचा परिच्छेद सुरू झालेला असे. सरांच्या हे लक्षात आले ते खिडकीतच. कसलाही कागद पुढे केला की ती म्हणे, "तुम्हीच वाचा, मी ऐकते." ऐकलेले ती विसरत नसे, त्याच जोरावर इथवर आली होती. सरांनी तज्ज्ञ बाईंना शाळेत बोलावून तिची तपासणी करून घेतली. बाई म्हणाल्या, डोकं लख्ख आहे, फक्त अक्षरं हिच्यापुढे जागेवर बसत नाहीत. तसे पत्रही त्यांनी शाळेला दिले. अशा मुलांना कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत जादा वेळ मिळतो. अट एवढीच की, मुलीने स्वतः तो मागावा, पालकांनी हो म्हणावे आणि मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, शिफारस करावी. जादा वेळाशिवाय तिची अर्धी प्रश्नपत्रिका कोरी राहणार, हे सरांना दिसत होते. शिफारशीचा आज शेवटचा दिवस होता आणि भिंगरी आठवडाभर "बघू" म्हणत होती.

तेव्हा सरांनी सकाळी, कोणी सांगितलेले नसताना, तिच्या वतीने मोठ्या बाईंकडे जाऊन रदबदली केली होती. त्या रदबदलीचा जो काही परिणाम झाला, तो भिंगरीला सांगणे भाग होते. तास संपल्यावर त्यांनी तिला थांबवले.

"जरा घोळ झालाय," सर म्हणाले.

"कोणाचा?"

"तुझा. पण केलाय मी." सरांनी गुडघा चोळला. "मोठ्या बाईंना म्हटलं, पोरीला मदत करा. बिचारीला एकेक ओळ वाचताना घाम फुटतो."

"बिचारी म्हणालात?"

"दोनदा." सर प्रामाणिक होते. "तिसऱ्यांदा म्हणणार होतो, तेवढ्यात बाईंचेच डोळे भरून आले. म्हणाल्या, एवढा त्रास होतो तर तिला कॉलेजचा ताप कशाला? सहा महिन्यांचा पॅकिंगचा कोर्स आहे, त्यात वाचायला काही नसतं. तुझ्या बाबांनाही बोलावून घेतलंय त्यांनी. आलेत ते."

मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जावे असे बोलण्याची सवय लागलेल्या माणसाने करुणरसाला हात घालू नये, हे सरांना आता पटत होते. मुलीला कॉलेजच्या दारापर्यंत नेऊन त्यांनी स्वतःच परत घरी सोडले होते.

भिंगरी पहिल्यांदाच एका जागी उभी राहिली.

"सगळ्यांची कामं मी करते, सर. मीच मागायला गेले तर म्हणतील, अरे, हिलाच वाचता येत नाही!"

"म्हणतील," सर म्हणाले. "चार दिवस म्हणतील. मग त्यांना दाखला लागेल, येतील तुझ्याचकडे."

ती हसली नाही. पण तिने वेणी घट्ट केली.

"चला. पण तुम्ही गप्प बसायचं."

"बसतो."

"खोकायचंसुद्धा नाही."

मोठ्या बाईंच्या खोलीत भिंगरीचे बाबा खुर्चीच्या कडेवर बसले होते. ते लिफ्ट दुरुस्त करणारे मेकॅनिक. कामावरून तसेच आले होते आणि हत्यारांची पिशवी मांडीवर धरली होती, बाईंच्या गालिच्याला तेल लागू नये म्हणून.

"ये गं बाळ," मोठ्या बाई फार मायेने म्हणाल्या. "तुझ्या बाबांना तो कोर्स समजावून सांगत होते."

"बाई, मी कोर्ससाठी नाही आले. मला प्रवेश परीक्षेत जादा वेळ हवाय. तो मागायला आलेय."

बाईंनी सरांकडे पाहिले. सरांनी छताकडे.

"अगं, तुझ्याच भल्यासाठी म्हणतेय मी. आज घरी जा, विचार कर. उद्या बोलू."

"उद्या मुदत संपलेली असेल, बाई. शिफारस तुम्हीच करायची ना?"

"हो, पण…"

"आजच करायची ना?"

"हो, पण पालकांनी हो म्हणायला हवं."

"ते इथेच बसलेत. आणि तज्ज्ञ बाईंचं पत्र?"

"ते आहे माझ्याकडे," असे बाई म्हणाल्या आणि आपण तिन्ही उत्तरे देऊन बसलो, हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आले. सरांना टाळी वाजवावीशी वाटली. त्यांनी हात मांडीखाली घेतले.

पण खरी खिडकी पुढेच होती. बाबांनी घसा साफ केला.

"मला एक सांगायचंय. रागावू नकोस. लिफ्टवर 'नादुरुस्त' अशी पाटी लावतो ना आम्ही, ती नंतर काढली तरी लोक महिनाभर जिन्यानेच जातात. विश्वास बसत नाही त्यांचा. तसली पाटी तुला लागायला नकोय मला. तू चांगली हुशार आहेस. थोडी मेहनत…"

"बाबा, मेहनत करतेच आहे मी. पहिलीपासून करतेय."

सरांना एक अप्रतिम वाक्य सुचले. ते त्यांनी गिळले. आयुष्यात इतके अवघड काही त्यांनी गिळले नव्हते.

"दवाखान्यातल्या लिफ्टचं दार," भिंगरी म्हणाली, "तुम्ही जास्त वेळ उघडं राहील असं लावून देता. हो ना?"

"द्यावंच लागतं. स्ट्रेचर आत घ्यायला वेळ लागतो."

"मग ती लिफ्ट बिघडलेली असते?"

"छे! उलट ती तर…" बाबा थांबले. पिशवीचा बंद त्यांनी बोटाभोवती गुंडाळला, सोडला. "तेवढंच आहे का हे?"

"तेवढंच. दार जरा जास्त वेळ. आत मी माझी जाते."

बाबांनी मोठ्या बाईंकडे पाहिले. "आमची हरकत नाही, बाई," असे ते म्हणाले, आणि तेवढ्यावर समाधान न होऊन, "उलट आमचं म्हणणंच आहे तसं," असेही म्हणाले.

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. चूक उमगली की ती कबूल करण्याऐवजी त्या फार झटपट कामाला लागत. त्यांनी शिफारस लिहिली, शिक्का उमटवला आणि विद्यार्थिनीच्या संमतीचा कागद पुढे केला.

"इथे सही कर, बाळ. नेहमीचंच आहे, तुझी तपासणी कॉलेजला कळवायला तुझी ना नाही, वगैरे. मी सांगितलं ना, पुरे."

भिंगरीने पेन घेतले आणि टेबलावर ठेवले.

"वाचून करते."

"सर वाचून दाखवतील की."

"नको. मी वाचते."

तिने कागद जवळ ओढला, पहिल्या ओळीखाली बोट ठेवले आणि मोठ्याने वाचू लागली. एक शब्द. मग थांबून दुसरा. तिसऱ्याला अडखळली, मागे आली, पुन्हा गेली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण बोट पुढे सरकत राहिले. बाबांचे ओठ हलले. शब्द त्यांच्या तोंडाशी आला होता. त्यांनी ओठ मिटले आणि तो शब्द तिने स्वतः काढेपर्यंत वाट पाहिली.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. व्हरांड्यात एकच गलका उठला, दारावरून पावले धडधडत गेली, कोणीतरी आत डोकावून पाहिले. टेबलावरचा फोन वाजू लागला. मोठ्या बाईंनी रिसीव्हर उचलला, कानाला न लावताच परत ठेवला.

भिंगरी दुसऱ्या परिच्छेदावर आली होती. खोलीतून कोणीही उठले नाही.