पाचव्या पोस्टरवरचं आवतण

हर्षालीला लहानपणापासून स्वप्नं पडायची ती एकावर एक पडायची. म्हणजे कसं, खाली एक चाललेलं असायचं आणि त्याच्या अंगावरच दुसरं सुरू व्हायचं. सायखेड्याच्या पुलाखालून गोदावरी वाहत असायची, त्याच पाण्यातून मुंडावळ्या बांधलेली नवरी वर यायची, नवरीच्या कपाळात द्राक्षांचा घड लटकलेला, आणि घडातून एक मासा संथ पोहत जायचा. सकाळी आईला सांगितलं की आई म्हणायची, "झोपताना दही खाऊ नको म्हटलं होतं ना?"

बिचाऱ्या दह्याचा काही दोष नव्हता. दोष होता वह्यांच्या कव्हरांचा. पप्पा मेथी-कोथिंबीर घेऊन पंचवटीच्या मार्केटला जायचे आणि येताना यादवमामांच्या छापखान्यातून वाया गेलेल्या कागदांचा गठ्ठा आणायचे. स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांची एक रीत असते. नवीन काम लावलं की पहिले पाच-पंचवीस कागद नासणार हे ठरलेलंच. त्यासाठी कोरा कागद कोण फुकट घालवणार? मग जुन्या कामाचे नासलेलेच कागद पुन्हा खाली घालायचे, त्यांच्यावर नवीन काम छापून बघायचं, शाई नीट उतरते का, अक्षर फुटतं का. तोच कागद पुढच्या कामाला, पुन्हा त्याच्या पुढच्या. असं होत होत एकाच कागदावर लग्नपत्रिकेचा गणपती, त्यावर फवारणीच्या औषधाचा द्राक्षघड, त्यावर खानावळीचा मासा, त्यावर दातांच्या दवाखान्याची भली मोठी दाढ. बाकीच्या पोरांच्या वह्यांना खाकी कव्हरं आणि हर्षालीच्या वह्यांना हे सगळं! गणिताच्या तासाला ती कव्हरातच बुडालेली असायची. बाईंनी दोनदा कव्हर टराटरा फाडलं, तिसऱ्या वेळी नाद सोडला.

यादवमामा नात्यातले कोणी नव्हते. पेठ तालुक्याच्या डोंगरातून पोटासाठी पंचवटीत आलेला माणूस. पप्पांशी चहाच्या टपरीवर ओळख झाली, आईनं एका भाऊबिजेला ओवाळलं, आणि ते मामा झाले ते झालेच. बोलणं बेताचं. काळ्यानिळ्या बोटांनी दिवसभर स्क्रीनच्या जाळीवरून रबराची पट्टी ओढायची आणि मधूनच छापलेला कागद दाराच्या उजेडात धरून बघत बसायचं. इतकं काय बघतात, हे कोणी कधी विचारलं नाही.

मोठी झाल्यावर हर्षाली नाशिकच्याच एका डिझाइन कॉलेजात गेली आणि तिची चित्रंही तशीच यायला लागली, एकावर एक. तिथं शेवटच्या वर्षाला एक फलक लावायचा असतो, तुमच्या चित्रांवर प्रभाव कोणाकोणाचे ते सांगणारा. हर्षालीनं लावला. पोलंडची जुनी पोस्टरं, जपानची दोन, क्यूबाच्या सिनेमांची चार. दिसायला झकास. सर खूश झाले, पण जाता जाता म्हणाले, "हे एका चित्राच्या पोटात दुसरं चित्र ठेवणं मात्र यांच्यातलं कोणाचं दिसत नाही. कुठून सुचलं?"

"असंच, सर," हर्षाली म्हणाली.

आता रद्दीचं नाव कोणत्या तोंडानं सांगायचं, तुम्हीच सांगा. आणि रद्दी काय कोणी काढलेली असते? भिंतीला ओल धरते तशी ती आपोआप होते. शिवाय त्या वर्षी पहिल्या येणाऱ्या प्रकल्पाला बडोद्याच्या एका स्टुडिओत वर्षभर काम मिळणार होतं. हर्षालीला बडोदा हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, तिचा जीव लागला होता त्यात. तिची गाठ होती वर्गातल्या रोहितशी. त्याचे मासिकासारखे गुळगुळीत फलक बघितले की ती आपलं काम गुंडाळून ठेवायची.

तिचा प्रकल्प मात्र भारी होता हो. गोदाकाठच्या माणसांना पडलेली स्वप्नं गोळा करायची आणि एकेका स्वप्नाचं एकेक पोस्टर छापायचं. महिनाभर ती पंचवटीत हिंडली. गोरक्ष रिक्षावाल्याच्या स्वप्नात त्याची रिक्षा पेट्रोल नसताना वणीच्या गडाच्या पायऱ्या चढत होती आणि मागच्या सीटवरून देवी म्हणत होती, "मीटर टाक रे." मेथीवालीच्या तळहातांतून कोथिंबीर उगवत होती. पतंग विकणाऱ्याला स्वप्नात दोऱ्याला बांधलेलं आपलंच घर दिसायचं. आईस्क्रीमवाल्याची गाडी धुक्यातून वाट काढत कुठंतरी बर्फाच्या गावाला निघालेली असायची. स्वप्नं सांगताना माणसांचे आवाज खाली येत, चेहरे सैल पडत, आणि हर्षालीला वाटे, आपण भरदुपारी कोणाच्या तरी झोपेत अनवाणी फिरतोय.

पाचवं स्वप्न सुलाबाईचं. रामकुंडाजवळ ती फुलं विकते. म्हणाली, "पोरी, नदी कोरडी ठाक असती. मी पार मधोमध बसल्याली, झेंडूची पाटी घेऊन. ऊन ढळत नाय. फुलं सुकत नायत. पण कोण म्हणून येत नाय. हाका मारते, तर तोंडातून आवाजच नाय." आणि हसून पुढच्या गिऱ्हाइकाला हार बांधायला लागली.

ते पोस्टर हर्षालीनं मन लावून काढलं. कोरड्या नदीपात्राचा मोठा पांढुरका पट्टा, त्यात एवढीशी सुलाबाई, पाटीत तेवढा केशरी रंग. बाकी सगळं रिकामं. कॉलेजातल्या छपाईच्या टेबलाला रांग लागलेली, म्हणून तिनं पाचही पोस्टरं यादवमामांकडे छापली. चार झटक्यात झाली. पाचवं रुसलं. चांगल्या अशा सहाच प्रती निघाल्या, त्याही शनिवारी संध्याकाळपर्यंत ओल्या. परीक्षा सोमवारी अकराला होती. "राहू द्या वाळत, सोमवारी सकाळी नेते," असं सांगून ती गेली.

सोमवारी नऊ वाजता ती छापखान्यात शिरली आणि दारातच थबकली. सहाच्या सहा प्रतींवर लालभडक अक्षरांत छापलेलं होतं, "आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!" खाली पत्रिकेत असतात तशी पोरांची नावं, ओम, परी, शौर्य, गुड्डी.

"मामा! हे काय केलंत?"

"अक्षय्य तृतीयेची पत्रिका व्हती. तातडीची."

"म्हणून माझ्या पोस्टरांवर छापायची? दोन तासांनी परीक्षा आहे माझी! वर्षभराची मेहनत मातीत घातलीत!" हर्षालीचा तोल गेला तो गेलाच. "तुम्हाला चित्र आणि रद्दी यातला साधा फरक कळत नाही?"

मामांनी फडक्याला हात पुसले. खालच्या आवाजात म्हणाले, "बाई लय एकटी बसली व्हती. बघवंना."

ऐकायच्या मनःस्थितीत होती कोण? तिनं सहाही कागद गुंडाळले आणि तरातरा निघून गेली.

रिक्षात बसल्यावर आधी ती पोटभर रडली. मग त्यातल्या त्यात बरी प्रत कोणती ते बघावं म्हणून कागद मांडीवर उलगडले. पहिल्यावर ती लाल ओळ वर आभाळाच्या कोपऱ्यात पडली होती. दुसऱ्यावर जरा खाली. तिसऱ्यावर पात्राच्या काठाशी. चौथ्यावर कागद तिरका धरून ओळ वाळूच्या वळणाला लावलेली. पाचव्यावर ती सुलाबाईच्या डोक्यावर आदळली होती. आणि सहाव्यावर? सहाव्यावर ओळ कोरड्या नदीतून वाहत आल्यासारखी सुलाबाईच्या कानाशी येऊन थांबली होती, आणि ओम, परी, शौर्य, गुड्डी ही चारही नावं बरोब्बर तिच्या पाटीभोवती उभी होती. पोरं आली होती बोलवायला.

चुकून झालेलं असं पायरीपायरीनं येत नाही. एका पाठोपाठ एक हर्षालीला सगळी कव्हरं दिसायला लागली. मासा कधी घडाच्या बाहेर पडला नव्हता. गणपतीची सोंड दाढेला कधी आडवी गेली नव्हती. ज्याला ती आजवर रद्दी म्हणत आली, ते एका माणसानं कागद हलवून हलवून, नेमकी जागा सापडेपर्यंत केलेलं होतं. वर्षानुवर्षं! आणि त्या माणसाला ती आत्ताच काय बोलून आली होती? तिला स्वतःचीच शरम वाटली, इतकी की रिक्षावाल्याला कॉलेज आलं म्हणून दोनदा सांगावं लागलं.

तिनं सहावी प्रत लावली. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई चार पोस्टरं बघत, मान डोलवत पुढे आल्या आणि पाचव्यासमोर थांबल्या. पुढे वाकून त्यांनी ती लाल ओळ वाचली. मग म्हणाल्या, "आधीची चार चांगली आहेत. पण हे मी विसरणार नाही. ही ओळ इथं आणायचं कसं काय सुचलं तुला?"

सर हसून हर्षालीकडे बघत होते. रोहितचा चेहरा उतरला होता. बडोदा इतकं जवळ आलं होतं की हात लांबवायची खोटी. मागच्यासारखं नुसतं 'असंच' म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"मला नाही सुचलं," हर्षाली म्हणाली. "छापणाऱ्यानं केलंय. माझ्या पोस्टरांवर. मी त्यांना त्यासाठी वाट्टेल ते बोलले." एकदा बांध फुटल्यावर ती थांबेना. "आणि हा प्रभावांचा फलकसुद्धा खोटा आहे. पोलंड-जपानची पोस्टरं मी इथं आल्यावर बघितली. चित्रात चित्र ठेवायला मी या छापणाऱ्या मामांकडूनच शिकले, पाचवीपासून. मला वाटायचं ते आपोआप होतं."

सरांनी खाली बघितलं. बाईंनी चष्मा काढून पुसला. "मग हे पाचवं तुझ्या गुणांत धरता येणार नाही," त्या म्हणाल्या.

"हो."

"चारांवरच बघावं लागेल."

"हो, बाई."

दुपारी निकाल लागला. बडोदा रोहितला मिळालं. त्यानं येऊन हात मिळवला, तेव्हा हर्षालीनं हसायचा प्रयत्न केला आणि तो फसला. दुःख झालं तिला, उगाच खोटं कशाला बोला? पण बाई परत आल्या, हातात कोरं कार्ड होतं. "ते पोस्टर उद्यापासून प्रदर्शनात दर्शनी भिंतीवर लागणार आहे," त्या म्हणाल्या, "दोघांच्या नावानं. दोघांची पूर्ण नावं लिहून दे. छापायला पाठवायची आहेत."

हर्षालीनं आधी आपलं लिहिलं. खाली 'यादव' लिहिलं. आणि पेन थांबला.

तिनं घरी फोन लावला. "यादवमामांचं? आडनाव?" पप्पा विचारात पडले. "अगं, यादवच म्हणतो आपण. थांब, तुझ्या आईला विचारतो." फोनमध्ये कुजबुज झाली. वीस वर्षं त्या माणसाला ओवाळणाऱ्या तिच्या आईलाही ते ठाऊक नव्हतं.

चार वाजता ती पुन्हा पंचवटीच्या त्या बोळात आली. मामा पत्रिकांचे गठ्ठे बांधत होते.

"मामा, सकाळी मी जे बोलले..."

"पंख्याचा आवाज लय हाय हितं," मामा म्हणाले. "ऐकूच नाय आलं काय."

तिला हसू आणि रडू एकदमच आलं. "तुम्ही मुद्दाम करायचात ना? सगळे कागद?"

"मुद्दाम म्हंजी..." ते गाठ आवळत राहिले. "कागद खाली घालायचाच हाय, तर मंग बरा दिसंल असा घालावा. कोणाच्या तरी हाती जातोच ना."

"मामा, तुमचं पूर्ण नाव सांगा."

"का? रेशनचं आलंय काय?"

"छापायचंय. पोस्टरखाली. माझ्या नावाशेजारी."

मामांच्या हातातली सुतळी तशीच राहिली. मग त्यांनी नाव सांगितलं, अगदी सावकाश, एकेक शब्द जपून खाली ठेवल्यासारखं. हर्षालीनं ते कार्डावर लिहिलं.

"आता वाच," ते म्हणाले. "घरच्या माणसानं मोठ्यानं वाचल्याबिगर मी कोणाचंच नाव छापत नाय. काना-मात्रा चुकली की लग्नात भांडणं होत्यात."

"यादव झिपरू भोये," हर्षालीनं वाचलं.

"बोट ठेवून वाच."

तिनं बोट ठेवून वाचलं.

"बापाचं नीट आलंय?"

"आलंय. झि, पहिली वेलांटी."

त्यांनी मान हलवली. दाराच्या उजेडात उभे राहून ते कार्डाकडे बघत होते. "आनखी येकदा," ते म्हणाले.

तिनं पुन्हा वाचलं. मग ते परत 'आनखी येकदा' म्हणाले, तेव्हा तिच्या लक्षात आलं की मामा आता चूक शोधत नव्हते. ती जवळ सरकली आणि बोट न ठेवता, मोठ्यानं, चौथ्यांदा ते नाव वाचायला लागली.