समाधानी माणसाची साक्ष

फिटरच्या तोंडून आजवर कोणी तक्रार ऐकली नव्हती. चहा थंड आला तर थंड प्यायचा, बूट चावला तर चावू द्यायचा. बस दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये त्याला सगळे 'समाधानी' म्हणत, निम्मे कौतुकानं आणि निम्मे खवचटपणे. त्याला मात्र सगळं कौतुकच वाटे. पोटाला अन्न आणि अंगाला कपडा मिळाला की माणसानं आणखी हाव धरू नये, असं पवित्र शास्त्र सांगतं आणि फिटरनं ते मनावर घेतलं होतं. दोनदा मुकादमाची जागा चालून आली, दोनदा त्यानं ती दुसऱ्याला सोडली. रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब त्याचं उदाहरण देत, तेव्हा तो मान खाली घालून बसे. कान मात्र वरच असत.

त्याची आई, बायको आणि तो, अशी तीन माणसं वर्कशॉपच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत. लिफ्ट नव्हती. सहा वर्षांपूर्वी त्याची आई, म्हणजे बायकोच्या सासूबाई, न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पाय आखडला तो आखडलाच. सपाटीवर काठी टेकत त्या चालू शकत, जिना मात्र जमेना. तेव्हापासून त्या खाली उतरल्या नव्हत्या. प्रार्थनामंदिर समोरच्या गल्लीच्या टोकाला होतं. त्याची रविवारची घंटा तेवढी त्यांच्यापर्यंत पोचे, आणि महिन्यातून एकदा पाळकसाहेब धापा टाकत वर येऊन त्यांना प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस देऊन जात.

तळमजल्यावर खोल्या मोजक्या. एखादी रिकामी झाली की नोकरीच्या क्रमानं ज्याची पाळी असेल त्याच्याकडे छापील कागद येई. त्यावर 'हवी' किंवा 'नको' लिहायचं, सही करायची आणि तीन दिवसांत कारकुनाकडे द्यायचा. 'नको' म्हटलं की खोली पुढच्या माणसाला आणि आपलं नाव यादीच्या तळाशी. फिटरला असा कागद दोनदा आला होता. दोन्ही वेळा त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'नको. माझ्याहून गरजू माणसास द्यावी.' पहिल्या वेळी ज्या गरजूला ती मिळाली, त्यानं तिथे स्कूटर ठेवली.

तिसऱ्यांदा कागद आला तेव्हा सून, म्हणजे फिटरची बायको, हात पुसत बाहेर आली. ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात इस्त्रीला होती. दिवसभर चादरी दाबून तिच्या मनगटांची वाट लागली होती, आणि संध्याकाळी बहात्तर पायऱ्या.

"अहो, या वेळी 'हवी' लिहा. आईंसाठी लिहा."

"आईनंच मला शिकवलंय, आहे त्यात सुख मानायचं म्हणून. विचार तिला."

सासूबाईंनी मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. "माझं काय, चाललंय की बरं," त्या म्हणाल्या.

"बघ," फिटर म्हणाला.

"बघितलं, म्हणून तर सांगतेय." सुनेनं फळीवरचं शास्त्र काढून त्याच्यापुढे ठेवलं. "अन्नवस्त्रात समाधान माना हे ज्या पत्रात लिहिलंय ना, त्याच पत्रात जरा मागे या. जो आपल्या घरच्यांची काळजी घेत नाही, तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षाही वाईट, असं तिथे लिहिलंय. ते पान चिकटलंय का तुमचं?"

"शास्त्र भांडायला वापरू नये," फिटर शांतपणे म्हणाला. तो नेहमी शांतपणेच बोले, तेच तर दुखणं होतं. भांडणाऱ्या नवऱ्याशी निदान भांडता तरी येतं.

त्यानं 'नको' लिहिलं, सही केली आणि कागद तिच्याच हातात दिला. कारकुनाचं ऑफिस तिच्या वाटेवर होतं. आपल्या बायकोवर त्याचा विश्वास होता, आणि तो आजवर खोटाही ठरला नव्हता.

ऑफिसच्या दारात सून थोडा वेळ उभी राहिली. मग तिनं कागदाचे चार तुकडे केले, आत गेली, आणि कागद धुलाईच्या पिंपात पडला असं सांगून दुसरा मागून घेतला. त्यावर 'हवी' लिहिलं. फिटरची सही तिला पाठ होती. एकोणीस वर्षांत तिनं त्याची अक्षरं त्याच्या चेहऱ्यापेक्षा जास्त वाचली होती. कारकुनानं मान वर न करता शिक्का मारला. एक खोटं बोलणं आणि एक खोटी सही, अशी दोन पापं आपल्या नावावर आहेत हे तिला पक्कं ठाऊक होतं. भीती वाटत होती, पण पश्चात्ताप काही केल्या होईना.

पंधरा दिवसांनी खोलीचं पत्र आलं. फिटरनं ते दोनदा वाचलं आणि त्याचे डोळे भरून आले.

"मी नको म्हणालो होतो," तो म्हणाला. "तरीही दिली! आई, ऐकलंस? मागितली नाही तरी प्रभूनं दिली."

तो तिथेच गुडघे टेकून प्रार्थनेला बसला. आपली लबाडी देवाच्या नावावर खपतेय हे सुनेला टोचत होतं, पण सासूबाई काठी हातात घेऊन आत्ताच निघायच्या तयारीत उभ्या होत्या. त्यांना बघून तिनं ओठ घट्ट मिटले.

त्यानंतरचे वीस-बावीस दिवस असे होते की सुनेला घरी यायची घाई होई. दार उघडलं की समोर अंगण. सासूबाई सकाळी उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसत, त्या जेवायलाच आत येत. आठवड्याभरात त्यांना टपालवाल्याच्या सुनेच्या बाळंतपणापासून कारकुनाच्या मूळव्याधीपर्यंत सगळं कळलं होतं. भाजीवालीशी त्या घासाघीस करत आणि अंगणात चेंडू मारणाऱ्या पोरांना दम देत. सासूबाईंना भांडताही येतं हे सुनेला लग्नानंतर एकोणीस वर्षांनी कळलं. "काय गं, हसतेस काय?" त्या विचारत. "काही नाही, आई." खरं म्हणजे तिला रडू येत असे.

तिसऱ्या रविवारी घंटा झाली तेव्हा सासूबाई उठल्या, काठी घेतली आणि स्वतःच्या पायांनी प्रार्थनामंदिरात गेल्या. पाव तास लागला. माणसं बाकांवरून उठून उभी राहिली. पाळकसाहेब व्यासपीठावरून खाली उतरून त्यांच्याजवळ आले.

एवढ्यावर थांबायचं ना! पण नाही. त्या मंडळीत उपदेशानंतर साक्ष देण्याचा रिवाज होता. देवानं आपल्यासाठी काय केलं ते ज्याला सांगायचं असेल त्यानं उभं राहून सांगायचं. आणि दुसराही एक रिवाज होता : साक्ष खोटी निघाली तर पुढच्या रविवारी तिथेच उभं राहून ती दुरुस्त करायची. आईला बाकावर बसलेलं बघून फिटर उठू लागला. सुनेनं त्याची बाही धरली.

"बसा ना. आज नको."

"आज नाही तर कधी?" म्हणत त्यानं बाही सोडवून घेतली.

खोली आपण कशी तीनदा नाकारली, कागदावर स्वतःच्या हातानं 'नको' कसं लिहिलं, आणि तरी ती देवानं कशी पदरात टाकली, हे त्यानं सविस्तर सांगितलं. मागच्याच बाकावर वर्कशॉपचा रंगारी बसला होता. एकटा जीव, सरळ स्वभावाचा, आणि यादीत फिटरच्या खालोखाल त्याचंच नाव होतं. उपासना सुटल्यावर तो पायरीवर फिटरला गाठून म्हणाला, "दादा, कागदावर तर 'हवी' होतं की. कारकुनानं मला दाखवला. मी म्हटलं, चला, या वेळी सुचलं यांना." त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात. इथे देणारी बायको होती आणि नेणारी नवऱ्याची जीभ.

दुसऱ्या दिवशी फिटर ऑफिसात जाऊन कागद बघून आला. घरी आल्यावर तो ओरडला नाही. खाटेवर बसून रडला, आणि सुनेनं तोंड उघडायच्या आत म्हणाला, "मी तुला क्षमा केली."

"मी अजून मागितली नाही."

"खोली परत करावी लागेल."

"रंगाऱ्याला नकोय ती. मी विचारून आले. तिसऱ्या मजल्यावर त्याला हवा चांगली लागते म्हणतो."

"प्रश्न रंगाऱ्याचा नाही. मी साऱ्या मंडळीसमोर साक्ष दिलीय."

"मग दुरुस्त करा ती! सांगा, बायकोनं खोटी सही केली म्हणून. माझं नाव घेऊन सांगा, मी उभी राहते तिथे मान खाली घालून. पण खोली ठेवा. पाळी तुमचीच होती, कोणाच्या तोंडचं काढून घेतलेलं नाही."

"खोटेपणानं मिळालेल्या घरात मी प्रार्थना कशी करू?"

"तुम्ही वर राहून करा प्रार्थना," सून म्हणाली. "आम्ही दोघी इथे राहतो."

सासूबाई उंबऱ्याशी बसल्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी फिटरनं साक्ष दुरुस्त केली. गाळलं काहीच नाही. बायकोची खोटी सही सांगितली, तिला केलेली क्षमा सांगितली आणि खोली परत केल्याचं सांगितलं. बाकांवर रुमाल निघाले. बाहेर पडताना पाळकसाहेबांच्या पत्नीनं सुनेचा हात हातात घेतला आणि त्या म्हणाल्या, "नशीब काढलंस हो. असा नवरा शोधून सापडायचा नाही." सून म्हणाली, "खरंय." दुसरं काय म्हणणार? नावावर दोन पापं होतीच, त्यात तिसरं.

शनिवारी मंडळीतली चार धडधाकट माणसं आली. सासूबाईंना खुर्चीत बसवून त्यांनी खुर्ची उचलली. मागून पाळकसाहेब, त्यांच्या मागे फिटर, सर्वांत शेवटी काठी घेऊन सून. प्रत्येक मजल्यावर खुर्ची टेकवून माणसं दम खात आणि घाम पुसत. सगळे फार प्रेमळ होते. "लागलं नाही ना, आजी?" असं दर वेळी विचारत. दुसऱ्या मजल्यावर सासूबाईंनी कठड्यातून एकदा खाली अंगणाकडे पाहिलं, तेवढंच.

वर पोचल्यावर खुर्ची जुन्या जागी, खिडकीशी ठेवली. फिटर म्हणाला, "आई, आभाराची प्रार्थना तू कर." घरातली आभाराची प्रार्थना नेहमी त्याच करत. सगळ्यांनी डोळे मिटले.

"देवा," त्या म्हणाल्या, "मला समाधान नाही. सहा वर्षं आहे म्हणत होते, ते खोटं होतं. पोराला बरं वाटावं म्हणून म्हणत होते. माझ्या सुनेनं तुझं काही बिघडवलेलं नाही, तिच्या नावावर काही लिहू नकोस. पोराला मीच असं वाढवलं, त्याची क्षमा मला कर. मला खाली जायचंय. आमेन."

"आमेन," चौघे जण सवयीनं म्हणाले, आणि मग ओशाळून जिन्याकडे बघू लागले. पाळकसाहेबांनी घड्याळ पाहिलं. फिटर आईसमोर उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि त्या क्षणी सुनेला वाटलं, आता हा माणूस कोसळेल, आईच्या पायाशी बसेल, उठून कारकुनाकडे धावत जाईल. इतक्या वर्षांत तिनं त्याच्यापुढे कधी हात जोडले नव्हते. त्या क्षणी मनातल्या मनात हात जोडून मागितलं.

फिटरनं वाकून आईच्या खांद्यावर शाल नीट केली. "दमलीस तू, आई," तो म्हणाला. "पड जरा."

दुसऱ्या दिवशी रविवार. उपदेशानंतर फिटर उभा राहिला. कमी बोलला, पण जड आवाजात. आईचं वय झालं आहे, ती आता भ्रमल्यासारखं बोलते, आपण कोणाशी काय बोलतो याचं तिला भान राहत नाही, ही परीक्षाही आपण आनंदानं सोसू, तिच्यासाठी सर्वांनी प्रार्थना करावी, असं म्हणाला. बाकाबाकांवरून हळहळ उमटली. काल खुर्ची उचलणाऱ्या चौघांनी माना डोलावल्या. त्यांनी तर कानांनी ऐकलं होतं.

सून उठली. इतक्या वर्षांत ती कधी साक्षीला उभी राहिली नव्हती.

"त्या भ्रमलेल्या नाहीत," ती म्हणाली. "त्यांना सगळं कळतं. त्या फक्त—"

"बाई," पाळकसाहेब मायेनं म्हणाले, "साक्षीची वेळ संपली आहे. उपासनेनंतर आपण बोलू हं." आणि त्यांनी गीताचा क्रमांक सांगितला.

पेटीचे सूर सुरू झाले, मंडळी उभी राहिली. ती आधीच उभी होती, त्यामुळे तीही गाण्यासाठीच उठली आहे असं कोणालाही वाटलं असतं. फिटरनं गीतपुस्तक उघडून दोघांच्या मध्ये धरलं आणि बोट ठेवून तिला ओळ दाखवली. त्याच्या चेहऱ्यावर राग नावाला नव्हता. तिनं ओठसुद्धा हलवले नाहीत. पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. तो दोघांच्या वाटचं गात होता.